तिसऱ्यावर हात

तिसरा सुटतो.
पहिला घट्ट आहे, दुसरा जरा कुरकुरतो,
चौथ्याबद्दल माझी तक्रार नाही.
तिसरा मात्र मनात येईल तेव्हा
खट्‌ करून न्यूट्रलला येतो,
आणि अकरा टन हळद
कुणाचीच नसल्यासारखी उताराला लागते.

खंबाटकीचा बोगदा संपला की ते वळण.
तिथं मी कधी देवाचं नाव घेतलेलं नाही,
तेवढा वेळच नसतो.
ब्रेकचा जळका वास, मागून कंटेनरचा भोंगा,
आणि शेजारून आलेला इलाहीचा हात,
दांड्यावर.

दिवाळीपासून तो हात तिथंच आहे.
आधी सायकलची ट्यूब बांधून बघितली,
ती पेठनाक्याच्या अलीकडं तुटली.
मग पोरगंच म्हणालं, मी धरतो की.
वाशीपर्यंत धरतो. झोप आली तरी धरतो.
एकोणीस वर्षांच्या तळव्यावर
दांड्याच्या मुठीएवढा घट्टा.

मिरजेत दस्तगीर मिस्त्रीनं पेटीचं तेल सोडलं.
काळ्यात काहीतरी चमचमलं,
जत्रेतल्या टिकल्यांसारखं.
लोहचुंबक फिरवलं, तर त्याला मिशा फुटल्या.
"दात झिजल्यात मालक.
सगळी खोलली तर बासष्ट हजार.
भंगारातली बसवली तर तीस,
पर तिच्या पोटात काय हाय ते तिलाच ठावं.
न्हाईतर इका."
शेवटचा शब्द त्यानं
चिंधीला हात पुसत पुसत सांगितला.

त्रिशलानं रात्री वहीत रकाने पाडले.
टायर, विमा, पासिंग, बँक.
बेरीज झाली तशी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली,
विकायची तर खरं सांगून विका.
खोटं सांगणार असाल
तर ते मला सांगू नका.

जतहून सिद्राम आला, बिराजदारांचा.
पहिलीच गाडी घेत होता.
येतानाच लिंबू-मिरची ओवून आणलेली, खिशात.
मी रस्ता आधीच ठरवला होता:
मार्केट यार्ड ते अंकलीचा पूल.
सांगली किती सपाट आहे
हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं.

सिद्राम चालवत होता, मी दाराशी,
इलाही मधे, नदीकडं बघत.
तिसरा पडला.
इलाहीचा हात उठला,
झोपेत माणूस डास हाकलतो तसा,
आणि दांड्यावर जाऊन बसला.
चौथा टाकताना उचलला.
पुढं म्हशी आडव्या आल्या, परत तिसरा,
परत हात.
त्याचं लक्षच नव्हतं.
तो पुलाखालचं पाणी बघत होता.

सिद्रामनं हाताकडं बघितलं.
मग माझ्याकडं.
मी आरशाकडं.

पूल ओलांडून त्यानं गाडी चहाच्या टपरीला लावली.
अर्धा कप होईपर्यंत कुणी बोललं नाही.
"कवापासनं?"
दिवाळी, म्हणालो.
आणि एकदा तोंड उघडल्यावर
बोगदा, वळण, मिशा फुटलेलं चुंबक,
सगळंच सांगून बसलो.
न विचारता क्लचप्लेटचंही सांगितलं.

त्यानं खिशातलं लिंबू काढलं,
जरा वेळ हातात खेळवलं,
आणि खाली बसून माझ्याच बंपरला बांधलं.
"माझी मिळंल तवा दुसरं घेईन," म्हणाला.
"ह्याला घाई दिसतीया."
चहाचे पैसेही त्यानंच दिले.
ते मला अजून लागतंय.

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.
खोला, म्हटलं. सगळी.
तीसवाली नको.

आता तिसरा बसतो.
बसतो म्हणजे, अजून तरी.
इलाही खिडकीकडं सरकलाय,
भेळ खायला त्याला दोन्ही हात मिळतात.
झिजलेलं चाक मिस्त्रीनं कागदात गुंडाळून दिलं होतं,
त्रिशलानं ते वहीवर ठेवलंय.
पंखा पाचवर असला
तरी बासष्ट हजार हलत नाहीत.